डोंगराखालची माणसं आणि भाच्याचा खेळ



मे महिन्याच्या सुट्टीत मास्तर लोक काय करतात, असं आम्हाला नेहमी विचारलं जातं. निकाल लावतात, लग्नाच्या दावती खातात आणि जून उजाडायची धास्ती घेतात, हे आमचं ठरलेलं उत्तर. या वर्षीची सुट्टी मात्र वेगळी गेली. आमची थोरली बहीण, म्हणजे आपा, बरीच वर्षं कॅनडातल्या कॅलगरी शहरात राहते. लेकीचं घर एकदा डोळ्यांनी बघायचं, ही अम्मींची जुनी इच्छा. त्यांना एवढ्या लांब एकटं कसं पाठवायचं, म्हणून सोबतीला आम्ही. तिकिटं आपाने पाठवली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर मास्तरांचा पगार वाढला अशी अफवा महाडच्या बाजारात उठायची.

आपाचा मुलगा चौदा वर्षांचा. मराठी छान बोलतो, फक्त ‘ळ’ आला की जीभ अडखळते. पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी तो आम्हाला म्हणाला, “मामू, चला, कॅश शोधायला जाऊ.” आम्ही पाकीट चाचपलं. कॅश म्हणजे रोकड, एवढंच आम्हाला ठाऊक. अम्मी तर घाबरल्याच. परदेशात पोरगा कुठल्या नादाला लागला, असा चेहरा करून त्या आपाकडे बघायला लागल्या.

तर हा खेळ आहे ‘जिओकॅशिंग’ नावाचा. त्यातली कॅश म्हणजे लपवून ठेवलेला डबा. कुणीतरी एखाद्या बागेत, पुलाजवळ, डोंगरवाटेवर एक छोटा डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी मोबाईलमधल्या जीपीएसच्या आधारे तिथवर जायचं आणि डबा हुडकायचा. डब्यात एक वही असते, तिच्यात नाव आणि तारीख लिहायची. डबा मोठा असेल तर आत लहानसहान वस्तूही असतात. त्यातली एखादी घ्यायची असेल तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. मग डबा होता तसा लपवून निघायचं, पुढच्याला सापडावा म्हणून.

त्या दिवशी घराजवळच्या बागेत तासभर फिरून भाच्याने झाडाच्या बुंध्याआडून एक डबा काढला. शाळेच्या जेवणाच्या डब्याएवढा. आत वही, पेन्सिल, दोन बटणं, प्लॅस्टिकची मोटार आणि एक निळी गोटी. त्याने नाव लिहिलं, खोडरबर ठेवला आणि गोटी घेतली. अम्मी म्हणाल्या, “एवढ्यासाठी तासभर चालवलंस होय रे?” पण परत येताना ती गोटी त्यांच्याच मुठीत होती.

या खेळाचा जन्म कसा झाला, हेही त्यानेच सांगितलं. जीपीएस ही अमेरिकेच्या लष्कराची व्यवस्था. सामान्य माणसाला मिळणारे संकेत पूर्वी मुद्दाम अस्पष्ट ठेवलेले असत, त्यामुळे जागा कळायची, पण शंभरेक मीटर इकडेतिकडे. २००० सालच्या मे महिन्याच्या सुरुवातीला ही आडकाठी काढून टाकली गेली आणि एका रात्रीत जगभरच्या यंत्रांना अचूक जागा दिसायला लागली. लगेच ३ मे २००० रोजी अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने पोर्टलंड शहराबाहेरच्या रानात एक बादली ठेवली, तिच्यात काही वस्तू टाकल्या आणि ठिकाण जाहीर केलं. काही दिवसांत लोकांनी ती शोधूनही काढली. आज जगभर असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत म्हणे.

आम्हाला हे सगळं गमतीचं वाटलं. पुढच्या शनिवारपर्यंत.

त्या शनिवारी दुल्हेभाईंनी गाडी काढली. आपाने तांदळाच्या भाकऱ्या, शामी कबाब आणि अम्मींनी महाडहून नेलेलं आंब्याचं लोणचं बांधून घेतलं. कॅलगरीपासून दक्षिणेला दोनशेहून जास्त किलोमीटरवर रॉकी पर्वतात क्रोजनेस्ट नावाची खिंड आहे. तिथला ‘पडलेला डोंगर’ भाच्याला आम्हाला दाखवायचा होता.

वाट सुरेख होती. हिरवी कुरणं, लांबवर बर्फाच्या टोप्या घातलेले डोंगर. खिंडीत शिरल्यावर एक वळण आलं आणि हिरवळ एकदम संपली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नुसते दगड. करड्या-पांढऱ्या चुनखडीचे, कुठे मडक्याएवढे, कुठे खोलीएवढे, काही तर दुमजली घराएवढे. नजर जाईल तिथवर तेच. रस्ता आणि आगगाडीचे रूळ त्यांच्यामधूनच काढलेले. डावीकडे वर पाहिलं तर डोंगराची एक बाजू भाकरीचा तुकडा मोडून घ्यावा तशी मोडलेली. या डोंगराचं नाव टर्टल माउंटन, म्हणजे कासव डोंगर.

याच्या पायथ्याशी १९०१ साली कोळशाच्या खाणीसाठी एक गाव वसलं, फ्रँक. दोन वर्षांत वस्ती सहाशेच्या आसपास गेली. २९ एप्रिल १९०३ रोजी पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी, गाव झोपेत असताना, डोंगराचा सुमारे एक किलोमीटर रुंद तुकडा सुटून खाली आला. ८ कोटी २० लाख टन दगड. अवघ्या दीड मिनिटात तो गावाचा पूर्वेकडचा भाग पुरून, नदी ओलांडून, दरीच्या पलीकडच्या चढावर जाऊन थांबला. तीन चौरस किलोमीटर जमीन दगडाखाली गेली. सत्तर ते नव्वद माणसं मेली. नेमका आकडा आजही सांगता येत नाही, कारण खाणीच्या गावात कामासाठी आलेल्या बिगारी लोकांची नोंद कुणाकडे नसते. तंबूत उतरलेले, काल आलेले, उद्या जाणारे असेही त्यात होते.

आम्ही गाडीतून उतरून पायवाटेने थोडं आत गेलो. वारा इतका की अम्मींनी ओढणी दोन्ही हातांनी धरली होती. त्यांनी विचारलं, “मग मय्यती कुठे पुरल्या?”

भाचा म्हणाला, “नानी, त्या वेळी फक्त बारा सापडल्या. बाकी सगळे इथेच आहेत.”

“इथेच म्हणजे?”

“या दगडांखाली.”

अम्मी पायाखाली बघायला लागल्या. मग हळूच म्हणाल्या, “म्हणजे आपण कशावर उभे आहोत, बेटा?”

कुणीच बोललं नाही. कबरीवर पाय देऊ नये, कबरीवर बसू नये, हे आपल्या घरांत चालायला लागल्यापासून शिकवलं जातं. शिकवणाऱ्या अम्मीच. त्या तशाच मागे फिरल्या आणि रस्त्याच्या कडेला गाडीला टेकून उभ्या राहिल्या. आणि नेमक्या त्या क्षणी भाच्याच्या मोबाईलने टुणकन आवाज केला. तो उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, “मामू, इथे पण एक कॅश आहे!”

वाचकहो, आमचा आवाज चढला. वर्गात चढतो तसाच. “कब्रस्तानात लपाछपी खेळतोस? सत्तर-ऐंशी माणसं खाली पडली आहेत आणि तुला डबा हुडकायचा आहे? आपाने हेच शिकवलं का?” असं बरंच काही आम्ही बोललो. पोरगा गप्प ऐकत होता. त्याचे कान लाल झाले. आमचं बोलून संपल्यावर तो म्हणाला, “मामू, इथे डबा नाहीये.”

“मग?”

“इथे काही ठेवायचं नसतं आणि काही घ्यायचं नसतं. फक्त बघायचं आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची.”

त्याने मोबाईल आमच्या हातात दिला. या खेळात ‘अर्थकॅश’ नावाचा एक प्रकार २००४ सालापासून सुरू झाला आहे. अमेरिकेतल्या भूवैज्ञानिकांच्या संस्थेने तो पुरस्कारला. जमिनीने जिथे काही घडवलं आहे अशी जागा, ज्वालामुखी, धबधबा, दरड, निवडायची. तिथे डबा नसतो. त्या जागेविषयी चार-पाच प्रश्न असतात आणि उत्तरं तिथे उभं राहून, निरखून पाहिल्याशिवाय देता येत नाहीत. इंग्रजीत अर्थ म्हणजे पृथ्वी. उर्दूत तिलाच आपण अर्ज म्हणतो. मराठीत मात्र अर्थ म्हणजे मतलब. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या मास्तराने यावर तरी थांबून विचार करायला हवा होता. आम्ही नुसतं “हं” म्हणालो.

मग आम्ही दोघे त्या प्रश्नांच्या मागे लागलो. दगड कशाचे? त्यांतल्या रेषा कोणत्या दिशेने जातात? डोंगराजवळचे दगड आणि लांब जाऊन पडलेले दगड यांच्या आकारात काय फरक आहे? डोंगर मोडला तो आडवा मोडला की थरांच्या उतारावरून घसरला? एकेका प्रश्नासाठी अर्धा तास गेला. वाटेच्या कडेला उभं राहून बघायचं, दगडांवर चढायचं नाही, हे भाच्याने न सांगता पाळलं. त्याच्या पाठपिशवीतून त्याने एक प्लॅस्टिकची पिशवी काढली आणि जाता-येता दिसलेली रॅपरं तिच्यात टाकत गेला. हा देखील त्यांच्या खेळाचाच रिवाज आहे. डबा शोधायला जाताना रिकामी पिशवी न्यायची, येताना कचरा आणायचा.

जवळच्या टेकाडावर १९८५ साली एक माहिती केंद्र उभारलं आहे. उरलेली उत्तरं तिथे मिळाली. डोंगराचा वरचा भाग जड चुनखडीचा, खालचे थर ठिसूळ, आणि त्यांचा कल असा की वरचा भाग जणू कलंडूनच बसलेला. माथ्यावर भेगा. त्या भेगांत पाणी जायचं, गोठायचं, फुगायचं आणि भेग आणखी रुंद करायचं. वर्षानुवर्षं हेच. त्यात माणसांनी पायथ्याशी कोळसा काढून डोंगराचा आधार पोकळ केला. खाणीतल्या लोकांना खुणा दिसत होत्या. लाकडी टेकू आपोआप कडकडत. कोळसा फोडावा न लागता स्वतःहून गळून पडे आणि कंपनीला हे सोयीचंच वाटत होतं. त्या मुलखातल्या मूळ रहिवाशांनी तर या डोंगराला ‘हलणारा डोंगर’ असंच नाव ठेवलं होतं. ते त्याच्या पायथ्याशी मुक्काम करत नसत. नाव म्हणजे इशाराच होता. नंतर आलेल्यांना ती भाषा येत नव्हती.

केंद्रातल्या दोन गोष्टींनी भाचा आणि मामू दोघेही खिळून राहिले. पहिली खाणीतल्या रात्रपाळीची. वीस जण कामावर होते. तिघे तोंडाशी बाहेर आले होते, ते गेले. आतले सतरा अडकले. तोंड बुजलं, पाणी चढायला लागलं, हवा खराब होऊ लागली. त्यांनी कोळशाच्या थरातून वरच्या दिशेने खणायला सुरुवात केली आणि तेरा-चौदा तासांनी डोंगराच्या अंगावर बाहेर निघाले. खाली पाहिलं तर गावाचा एक भाग नाहीसा झालेला.

दुसरी गोष्ट रेल्वेच्या एका कामगाराची, सिड शॉकेट त्याचं नाव. दरड पडली तेव्हा एक प्रवासी गाडी त्याच रुळावरून येत होती आणि तारायंत्राच्या तारा तुटल्या होत्या. अंधारात, धुळीत, अजून घरंगळणाऱ्या दगडांवरून हा माणूस पलीकडे धावला आणि त्याने गाडी थांबवली. रेल्वे कंपनीने त्याला प्रशंसापत्र आणि पंचवीस डॉलर दिले.

हे वाचताना आम्हाला आपलं माळीण आठवलं. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर आला आणि १५१ माणसं गेली. तिथेही पहिली खबर एका एसटीच्या चालकाने दिली होती. गाडी घेऊन नेहमीच्या वाटेने आला, तर गाव जागेवर नव्हतं. एकशे अकरा वर्षांच्या अंतराने दोन साधी नोकरदार माणसं, दोन वेगळ्या मुलखांत. आम्ही भाच्याला माळीणची हकिकत सांगितली. त्याने ती कधी ऐकली नव्हती.

आणखी एक गोष्ट ऐका. दरडीखाली एक बँक गाडली गेली आहे आणि तिच्यात लाखो डॉलर पडून आहेत, अशी वदंता त्या भागात वर्षानुवर्षं फिरत होती. खरं तर बँकेला धक्काही लागला नव्हता. ती इमारत पुढे १९११ साली पाडली, आणि बँक दिसेनाशी झाल्यावर लोकांनी ही कथा रचली. १९२० च्या दशकात दगडांतून नवा रस्ता खणताना पैसा निघेल म्हणून मजुरांवर पोलिसांचा पहारा बसवला होता. पैसा निघाला नाही. हाडं निघाली, एकोणीसशे तीनच्या त्या पहाटे झोपलेल्या माणसांची.

इथे आम्हाला आमची स्वतःची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे सगळं वाचत असताना आमच्या कोटाच्या खिशात एक दगड होता. लिंबाएवढा, करडा, एका बाजूने चमकणारा. गाडीतून उतरल्या-उतरल्याच उचलला होता. शाळेच्या भूगोलाच्या कपाटात ठेवू, मुलांना दाखवू, असा नेक इरादा. केंद्राच्या दारापाशी भाच्याने एक पाटी वाचून दाखवली. ही जागा प्रांताचं संरक्षित स्मारक आहे, इथला दगड उचलायला मनाई आहे. पाटी वाचताना त्याने आमच्या खिशाकडे पाहिलं. कोटाचा तो खिसा लोंबत होता, हे आम्हाला नंतर कळलं.

पोराने एक शब्दही उच्चारला नाही. तासापूर्वी आम्ही त्याला भर वाऱ्यात अदब शिकवत होतो. खेळायला आलेल्याने काही घेतलं नव्हतं, उलट कचरा उचलला होता. अदबीच्या गोष्टी करणारा मात्र कबरीवरचा दगड खिशात घालून फिरत होता. आम्ही म्हणालो, “चल बेटा, एक काम राहिलंय.” दोघे परत खाली गेलो आणि दगड जिथून घेतला होता तिथे ठेवला. नक्की तीच जागा होती का, सांगता येत नाही. भाच्याने मात्र हात धरून म्हटलं, “मामू, इट्स ओके.” मग जिभेला ताण देऊन मराठीत म्हणाला, “मळा… मला माहीत होतं तुम्ही ठेवाल.” चुकीच्या जागी का होईना, ‘ळ’ त्याला पहिल्यांदा नीट जमला.

जाण्याआधी आम्ही अम्मींच्या बाजूला जाऊन थोडा वेळ उभे राहिलो. ती माणसं कोणत्या मजहबची, कोणत्या मुलखाची, कशाचा पत्ता नाही. पण हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या समोरून एका यहुदी माणसाचा जनाजा गेला तेव्हा ते उठून उभे राहिले होते आणि साथीदारांनी विचारल्यावर तोही एक जीवच होता, या मतलबाचं उत्तर त्यांनी दिलं होतं, ही हदीस आपल्या घरांत मुलांना सांगितली जाते. उभं राहण्यासाठी तेवढं पुरेसं होतं.

परतीच्या वाटेवर सगळे झोपले. आम्हाला झोप आली नाही. आम्हाला तळिये दिसत होतं.

आमच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, आमचं घर महाडला. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, लोक वरच्या मजल्यांवर अडकले, वीज गेली, फोन बंद पडले. आपण बुडतोय एवढंच आम्हाला कळत होतं. त्याच दिवशी आमच्याच तालुक्यात, वर डोंगरात, तळिये गावच्या वाडीवर दरड कोसळली होती. पाणी उतरल्यावर कळलं. ८० हून जास्त माणसं गेली. काही दिवसांनी शोध थांबवला तेव्हा अनेक जण अजून मातीखालीच होते. दोन वर्षांनी, १९ जुलै २०२३ च्या रात्री, आपल्याच रायगड जिल्ह्यात इर्शाळगडाच्या पायथ्याशी इर्शाळवाडी गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. तिथेही डोंगर हीच त्यांची कबर झाली.

तळियेच्या त्या पावसाळ्यानंतर काही महिन्यांत आमच्या शाळेतल्या एका मुलाने मोबाईलवर फोटो टाकला. पाठीमागे उघडा पडलेला लाल डोंगर, पुढे दोन मित्र बोटं उंचावून, हातात वेफर्सची पाकिटं. आमचं डोकं फिरलं. मुलाला बोलावून झाडलं आणि वर्गात जाहीर करून टाकलं की त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही, तो विषय काढायचा नाही. मुलांनी ऐकलं. मास्तर रागावले की मुलं ऐकतात.

मग गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही सहज विचारलं, तळियेला काय झालं होतं? अर्ध्या वर्गाला सांगता आलं नाही. पुराचं सगळ्यांना आठवत होतं, कारण घरात चिखल आला होता. इथून तासा-दीड तासावरच्या त्या वाडीचं नाव मात्र पोरं विसरली होती. विषय काढायचा नाही, असं आम्हीच सांगितलं होतं ना! त्याच वर्गातली कितीतरी मुलं स्वतः डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांमधून शाळेला येतात.

फ्रँकच्या दगडांत उभं राहून आम्हाला आमची चूक कळली. फोटो काढणाऱ्या त्या मुलाला तिथे जाऊन काय करायचं, हे कुणी शिकवलंच नव्हतं. आम्ही फक्त दार बंद केलं. भाच्याच्या हातात चार प्रश्न होते. त्या प्रश्नांनी त्याला तीन तास तिथे थांबवलं, त्याच्या तोंडून मेलेल्यांचा आकडा वदवला, त्यांचं गाव कसं होतं हे त्याला शोधायला लावलं. त्या मुलाच्या हातात नुसता कॅमेरा होता.

म्हणून आता वाचकांतल्या आई-बापांना आमचं सांगणं आहे. पावसाळ्यात मुलांना घेऊन तुम्ही वर्षासहलीला निघता. वाटेत अशी जागा लागली तर गाडी न थांबवता पुढे जाऊ नका, आणि थांबवलीत तर नुसती खिडकीतून दाखवू नका. गावातलं कुणी भेटलं तर आधी सलाम-नमस्कार करा, थांबू का म्हणून विचारा. नको म्हणाले तर माफी मागून निघा. ते घर त्यांचं आहे. खाणं-पिणं दुसऱ्या जागी. फोटो काढायचाच तर डोंगराचा काढा, स्वतःचा नको. तिथून फूल, दगड, विटेचा तुकडा, काहीही उचलू नका. आणि मुलाला दोन प्रश्न द्या. डोंगर कुठून सुटला असेल? सुटण्याआधी त्याने काय खुणा दिल्या असतील?

हा दुसरा प्रश्न जीव वाचवणारा आहे. उतारावर नव्या भेगा पडणं, असलेल्या भेगा रुंदावणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा नव्या जागी पाणी फुटणं, झाडं आणि विजेचे खांब कलणं, दारं-खिडक्या चौकटीत अडकायला लागणं, डोंगराच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज येणं, या सगळ्या दरडीच्या आधीच्या खुणा आहेत. मोठ्या पावसात यांतलं काही दिसलं तर सामानाचा विचार न करता माणसांना घेऊन बाहेर पडायचं आणि तलाठी, पोलीस पाटील, सरपंच, जो सापडेल त्याला कळवायचं. या जूनपासून आम्ही हे आमच्या वर्गात शिकवायला घेतलं आहे. पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, “सर, आमच्या घराच्या वरती अशी भेग आहे.” तिच्या वडिलांना आम्ही त्याच संध्याकाळी भेटलो, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत जाऊन तहसील कचेरीत अर्ज दिला.

परवा भाच्याचा फोन आला. डिसेंबरच्या सुट्टीत तो इकडे येतोय. म्हणाला, “मामू, तळियेला एक कॅश करू या का? डबा नको. प्रश्नांवाली.”

आमच्या तोंडात जुनं उत्तर आलंच होतं. ते गिळून आम्ही विचारलं, “तुमच्या खेळात जागेच्या मालकाची परवानगी लागते ना?”

“लागतेच, मामू.”

“मग आधी तळियेला जाऊ. तिथल्या लोकांना विचारू. ते हो म्हणाले तर प्रश्न आमच्या नववीची मुलं काढतील. नाही म्हणाले तर नाही.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “ओके मामू. पण विचारणार कोण? माझं मराठी…”

“विचारणार तूच,” आम्ही म्हटलं. “आम्ही बाजूला उभे राहू.”

तोवर तो रोज व्हिडिओ कॉलवर नानीकडून धडे घेतोय. ‘तळिये’ म्हणायचं तर आधी ‘ळ’ आला पाहिजे. लिंबू-मिरचीची लोणची घालता घालता अम्मी त्याच्याकडून दहा-दहा वेळा म्हणून घेतात. ती निळी गोटी त्यांनी कॅनडाहून आणली आहे, हे आम्हाला कालच कळलं. विचारल्यावर म्हणाल्या, “बदल्यात त्याने खोडरबर ठेवला होता की!”

दुआ करा, वाचकहो, की या पावसाळ्यात कुठल्याही वाडीवर अशी रात्र येऊ नये. आणि घराच्या मागे उतार असेल तर आजच मुलाला सोबत घेऊन एक चक्कर मारून या.